इंजिनाच्या ब्रीदरला ऑइलचा डबा : निवड आणि बसवणी



गाळप हंगाम तोंडावर आला की शेतकी खात्याकडे तोडीच्या तारखेइतकीच वाहनांचीही विचारणा सुरू होते. त्यातला एक प्रश्न कापूरहोळपासून पार वेल्ह्याच्या टोकापर्यंत कोठेही गेले तरी ऐकू येतो. "साहेब, ट्रॅक्टरच्या ब्रीदरातनं ऑइल पडतंय. डबा बांधला तर भागंल का?" हे काम मिस्तरीचे, ऊस विकास खात्याचे नव्हे, असे कोणी म्हणेल. परंतु तोडलेला ऊस वाटेत अडकून राहिला तर त्याचे वजन घटते, उतारा घटतो, आणि मग तो प्रश्न आमचाही होतो. म्हणून यंदा थोडे विस्ताराने लिहीत आहोत.

प्रथम ब्रीदर कशासाठी असतो ते पाहू. डिझेल इंजिनात पिस्टन हवेला मूळ आकाराच्या सोळाव्या-अठराव्या हिश्श्याइतकी दाबतो. त्या दाबाखालचा आणि नंतर जळालेला थोडा वायू रिंगांच्या कडेने खाली ऑइलच्या चेंबरमध्ये निसटतोच. इंजिन कालच शोरूममधून आणलेले असले तरी निसटतो. जुने झाले की जास्त. मिस्तरी लोक याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. या वायूबरोबर काजळी, थोडे कच्चे डिझेल, ऑइलचे बारीक तुषार आणि पाण्याची वाफ असते. पाणी कोठून आले, असे पुष्कळांना वाटते. वास्तविक एक लिटर डिझेल जळाले की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होते. त्यातले बहुतेक सायलेन्सरमधून वाफ होऊन जाते, पण निसटलेल्या वायूबरोबर काही भाग चेंबरमध्ये उतरतो. हा सगळा मामला बाहेर जाण्याची वाट म्हणजे ब्रीदर होय. माणसाचे नाक आणि इंजिनाचा ब्रीदर, दोहोंचे काम एकच समजावे.

आता आपल्याकडे काय होते ते सांगतो. ब्रीदरातून थेंब पडू लागले, इंजिनाची बाजू काळी झाली, की कोणी त्यात चिंधी कोंबतो, कोणी मक्याच्या कणसाचे बुरकुंड ठोकतो, कोणी नळीचे तोंड वाकवून तार बांधतो. ऑइल पडायचे थांबते आणि गडी खूष होतो. पण वायू थांबलेला नसतो. नाक बंद झाल्यावर तो दुसरी वाट शोधतो, आणि त्याला सापडते ती ऑइल सील. पुढची सील फुटली तर ऑइल फॅनकडे उडते, ते दिसते तरी. मागची फुटली तर ते क्लचच्या घरात उतरते आणि प्लेटांना लागते. सपाट रस्त्यावर रिकाम्या ट्रॉलीला हे समजतही नाही. दोन भरलेल्या ट्रॉल्या घेऊन चढाला लागल्यावर क्लच घसरू लागतो, इंजिन नुसते ओरडते आणि गाडी जागची हलत नाही. उताराला तर त्याहून वाईट, कारण घसरत्या क्लचमुळे इंजिनाचा अटकाव मिळत नाही आणि सारा भार एकट्या ब्रेकवर पडतो. आपल्या दोन्ही तालुक्यांत चढउतार नसलेला रस्ता मिळणे कठीण, हे निराळे सांगायला नको.

क्लचच्या घराला तळाशी एक भोक असते, ते बहुतेकांच्या ध्यानात नसते. आत ऑइल उतरले तर ते तेथून ठिबकावे आणि मालकाला दिसावे, यासाठी ते ठेवलेले असते. भाताच्या चिखलणीत ते गाळाने बुजते. चिखल आत जाऊ नये म्हणून काही जण बूच मारतात आणि चिखलणी संपल्यावर ते काढायचे राहून जाते. हंगामाला ट्रॅक्टर जुंपण्यापूर्वी हे भोक तारेने मोकळे करावे. पाच मिनिटांचे काम आहे.

डब्याची कल्पना मोटारींच्या शर्यतींत रुळलेली आहे. तेथील इंजिने पूर्ण जोरात पळतात, त्यामुळे ब्रीदरातून ऑइल जास्त येते, आणि ते रस्त्यावर सांडले तर मागून येणारी गाडी घसरून माणूस जातो. एफआयए या आंतरराष्ट्रीय मोटार संघटनेने शर्यतीच्या गाड्यांसाठी नियमच केला की, ब्रीदर उघडा असेल तर त्याला ऑइल पकडणारी टाकी हवी. २००० घनसेंटिमीटरपर्यंतच्या इंजिनास २ लिटरची, त्याहून मोठ्यास ३ लिटरची. आणि आत किती साठले ते बाहेरून दिसले पाहिजे. सर्वसाधारण मोटारींच्या बाबतीत वाट निराळी झाली. ब्रीदरचा वायू हवा खराब करतो हे ध्यानात आल्यावर अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात १९६१ सालच्या नव्या मोटारींपासून तो पुन्हा इंजिनाच्या हवेच्या वाटेत सोडण्यात येऊ लागला. म्हणजे एक पद्धत उघडी, दुसरी बंद. हा भेद पुढे उपयोगी पडणार आहे.

आपला दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर शर्यतीच्या गाडीपेक्षा काही कमी राबत नाही. त्यातून पुष्कळ जण डिझेल पंप 'वाढवून' घेतात. पंप वाढवला की सिलिंडरमधला दाब वाढला, उष्णता वाढली आणि ब्रीदरचा वायूही वाढला. पंप वाढवणे आम्हाला मुळातच पसंत नाही, पण तो वेगळा विषय आहे.

डबा आणायला जाण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली म्हणजे ऑइलची पातळी. आपल्या खाचरांत आणि माळांवर ट्रॅक्टर सरळ सपाटीवर उभा असा क्वचितच असतो. उताराला उभ्या ट्रॅक्टरची पट्टी काढून पाहिली, खुणेच्या खाली दिसली, की ड्रायव्हर अर्धा लिटर ओततो. दोन-चार वेळा असे झाले की चेंबर वरच्या खुणेच्याही वर भरते. मग क्रँक त्या ऑइलात घुसळण करतो आणि ब्रीदरातून ताकासारखा फेस येतो. अशा इंजिनाला डब्याची गरजच नाही, पातळी योग्य खुणेवर आणली की काम झाले. पट्टी नेहमी सपाट जागी, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी पाहावी. दुसरी गोष्ट, ब्रीदरच्या आतली जाळी. ती काढून रॉकेलात अगर डिझेलात धुवावी, वाळवावी. कित्येक ट्रॅक्टरांची ती घेतल्यापासून निघालेलीच नसते.

तिसरी गोष्ट म्हणजे वायूचा दाब मोजणे, आणि हे घरच्या घरी करता येते. गवंडी पातळी काढायला पारदर्शक नळी वापरतो, तशी दोन-अडीच मीटर नळी घ्यावी. फळीवर इंग्रजी यू अक्षरासारखी खिळ्यांनी बसवावी, अर्ध्यापर्यंत रंगीत पाणी भरावे. पाण्यावर दोन्ही बाजूंना निदान दोन फूट नळी मोकळी असावी, नाही तर पाणी इंजिनात ओढले जाईल. ऑइल भरण्याच्या तोंडाला घट्ट बसेल असे रबरी बूच करून त्यातून एक टोक आत सोडावे, दुसरे उघडे ठेवावे. पट्टीच्या नळीला जोडू नये, कारण काही इंजिनांत तिचे टोक ऑइलात बुडालेले असते व माप खोटे येते. इंजिन चांगले गरम झाल्यावर प्रथम मंद आणि मग पूर्ण वेगात चालवून दोन्ही बाजूंच्या पाण्यातले अंतर सेंटिमीटरमध्ये लिहून ठेवावे. हा आकडा म्हणजे आपल्या इंजिनाची जन्मपत्रिकाच. पुढच्या वर्षी तो दुप्पट झाला तर रिंगा-लायनर बोलू लागले असे समजावे, आणि तेथे डब्याचा खर्च न करता मिस्तरी गाठावा. रिंगा गेलेल्या इंजिनाला डबा लावणे म्हणजे गळक्या घरात नुसती बादली ठेवणे.

हा आकडा आणखी एका कामाला येतो. डबा लावल्यावर पुन्हा मोजावे. डब्याविना होते त्यापेक्षा अंतर एक सेंटिमीटरने जरी वाढले तरी तो डबा इंजिनाचा गळा आवळतो आहे, असे आम्ही धरतो आणि नळी किंवा डबा बदलायला सांगतो.

गळा आवळण्याचे सर्वात मोठे कारण म्हणजे बारीक तोंड. पुण्याला नाना पेठेत चकचकीत अॅल्युमिनियमचे तयार डबे मिळतात. दिसायला देखणे असतात. पण त्यांची तोंडे बहुधा लहान मोटारगाडीच्या मापाची. ट्रॅक्टरच्या ब्रीदरचे भोक आतून २० मिलिमीटर असेल आणि डब्याचे १० मिलिमीटर, तर वाट निम्मी झाली असे वाटते. प्रत्यक्षात ती पाव होते, कारण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने बदलते. तेव्हा घेताना बाहेरचे माप न बघता आतले बघावे, आणि ते ब्रीदरइतके अगर त्याहून मोठे असावे. यातले काही डबे आतून निव्वळ पोकळ असतात. तुषार एका तोंडातून आत येतात आणि दुसऱ्यातून तसेच निघून जातात. झाकण उघडून आत जाळी किंवा आडवा पत्रा आहे का, हे दुकानातच पाहावे. दुकानदार 'सील आहे, उघडता येत नाही' म्हणाला तर डबा तेथेच ठेवून निघावे.

आमच्या मते गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून करून घेतलेला डबा स्वस्त आणि बरा. चार इंची लोखंडी पाइपचा सव्वा फुटाचा तुकडा घेतला तर त्यात जवळजवळ ३ लिटर मावतात, म्हणजे शर्यतीच्या नियमाचे माप झाले. तळ वेल्डिंगने बंद करावा, वरचे झाकण बोल्टचे ठेवावे, म्हणजे आत हात घालून साफ करता येते. ब्रीदरकडून येणारी नळी झाकणातून खाली उतरून तळापासून एकतृतीयांश उंचीवर संपावी. तिच्या खाली भोके पाडलेला पत्रा आडवा बसवावा. त्याने खाली साठलेले ऑइल खड्ड्यात, चढणीला हिंदकळून वर येत नाही. बाहेर जाणारे तोंड अगदी वर, दुसऱ्या बाजूला. दोहोंच्या मध्ये भांडी घासायची जाड पट्टीची स्टीलची घासणी दोन जाळ्यांत दाबून भरावी. वायू अरुंद नळीतून मोठ्या जागेत आला की त्याचा वेग मंदावतो, थंड पत्र्याला आणि घासणीला लागून तुषारांचे थेंब होतात व खाली पडतात. इतकीच सारी युक्ती आहे. केसासारखी बारीक लोखंडी लोकर मात्र भरू नये. तिचे तुकडे सुटतात. तळाला कॉक आणि बाजूला पातळी दाखवणारी पारदर्शक नळी हवीच. जुना पेट्रोल-डिझेलचा डबा घेऊन त्याला वेल्डिंग करू नये. आत राहिलेल्या वाफेचा भडका होऊन माणसे भाजतात.

बसवताना जागा अशी पाहावी की डबा सायलेन्सरपासून दूर आणि वाऱ्यावर राहील, पण नळी फार लांब होणार नाही. प्लॅस्टिकचा पाइप सायलेन्सरच्या धगीने वाकतो. नळी ऑइल सहन करणारी रबरी, आत कापडी दोरा असलेली घ्यावी. बागेच्या पाण्याची नळी किंवा सायकलची ट्यूब ऑइलने फुगते, मऊ पडते आणि एके दिवशी आतल्या आत चिकटून बसते, म्हणजे पुन्हा चिंधी कोंबल्यासारखेच. नळीला एकसारखा उतार असावा, मध्ये झोळ नको. झोळात पाणी साचते आणि पोटऱ्या पाण्यासारखी त्याची डाट बसते. हिवाळ्यात पहाटे वेल्ह्याच्या बाजूला किती गारठा असतो ते सांगायला नको. त्या गारठ्यात ऑइल आणि पाणी मिळून दह्यासारखा पांढरट गोळा होतो आणि झोळ असलेली नळी हटकून तुंबते. दोन्ही टोकांना पक्क्या क्लिपा माराव्यात, तारेवर भागवू नये. नळी कोठे पत्र्याला घासत असेल तर तेथे जुन्या टायरचा तुकडा बांधावा.

आता मघाच्या उघड्या-बंद पद्धतीकडे येऊ. जुन्या ट्रॅक्टरांचा ब्रीदर उघडा असतो. त्याला उघडाच डबा लावावा, म्हणजे डब्याचे बाहेरचे तोंड हवेत, खाली वळवलेले, धूळ जाऊ नये म्हणून जाळीची टोपी घातलेले. काही हौशी मिस्तरी ते तोंड एअर क्लीनरच्या नळीला जोडून देतात. 'वाससुद्धा येत नाही बघा' म्हणतात. हे आम्हाला अजिबात मान्य नाही. डबा भरला, रिकामा करायचा राहिला आणि ट्रॅक्टर चढणीला तिरपा झाला, तर साठलेले ऑइल हवेबरोबर सिलिंडरमध्ये ओढले जाते. डिझेल इंजिनाला ऑइलही डिझेलसारखेच जळते. मग इंजिन आपल्याच ऑइलावर सुसाट सुटते. ड्रायव्हर बंद करायची दांडी ओढतो, डिझेल तुटते, पण इंजिन थांबत नाही, कारण ते डिझेलवर चाललेलेच नसते. असे झाले तर वरच्या गिअरमध्ये ब्रेक दाबून क्लच एकदम सोडावा आणि इंजिन दाबून बंद पाडावे. ते न जमले तर हवेच्या नळीच्या तोंडावर सपाट फळी दाबून धरावी. हात लावू नये, पोते लावू नये. पोते आत ओढले जाते. शेजारी माणसे असतील तर त्यांना प्रथम दूर करावे. ऑइल बाथ एअर क्लीनरची वाटी खुणेच्या वर भरली तरी हाच प्रकार घडतो, हेही लक्षात असू द्यावे.

नवीन टर्बोवाल्या गाड्यांत आणि पिकअपमध्ये ब्रीदर कंपनीनेच बंद पद्धतीने जोडलेला असतो आणि ऑइल वेगळे करणारा भागही आत दिलेला असतो. तेथे नळी कापून मधे काही घुसवू नये, बाहेर तर सोडूच नये. धूर-नियमात बसत नाही आणि वॉरंटीही जाते. तेथे कंपनीच्या पुस्तकाप्रमाणे तो भाग वेळच्या वेळी बदलणे एवढेच आपले काम.

डबा बसला म्हणजे विसरून जायचे नाही. हंगामात आठवड्यातून एकदा कॉक सोडावा आणि निघालेला माल काचेच्या पांढऱ्या बाटलीत रात्रभर ठेवावा. सकाळी खाली पाणी, मध्ये पांढरट थर, वर ऑइल असे वेगळे दिसते. याच बाटलीसाठी आम्ही डब्याचा एवढा आग्रह धरतो. पाणी जास्त असेल तर इंजिन थंडच चालते आहे. याचे मूळ आपल्याच आवारात आहे : गव्हाणीपुढे आणि काट्यासमोर रांगेत रात्रभर इंजिन मंद चालू ठेवून ड्रायव्हर झोपतात. अशा मंद चालण्याने इंजिन तापत नाही, कच्चे डिझेल ऑइलात उतरते, लायनरला काचेसारखी झिलई येते आणि रिंगा धरत नाहीत. रांग दहा मिनिटांत हलणार नसेल तर इंजिन बंद करावे. बॅटरी-स्टार्टर धड नाही म्हणून ते चालू ठेवत असाल तर बॅटरी आधी बघा. बाटलीतल्या ऑइलाला डिझेलचा उग्र वास येऊन ते पातळ लागले तर नोझल तपासून घ्यावेत. काळे ऑइल आठवड्यागणिक वाढत गेले तर रिंगा. एकाएकी दुप्पट आले तर आधी पट्टी पाहावी, ती बरोबर असेल तर ट्रॅक्टर त्याच दिवशी उभा करावा. माप रोज किती तास चालला त्याबरोबर वहीत लिहावे, नाही तर तुलना होत नाही.

पाण्याच्या इंजिनाबद्दल दोन शब्द. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स हा कारखाना १९४६ साली पुण्याजवळ खडकीला निघाला, आणि पाच घोड्यांचे एका सिलिंडरचे इंजिन नदीकाठी, विहिरीकाठी घरच्या बैलासारखे झाले. विजेच्या मोटारी आल्या तरी लाइटीचा भरवसा नसल्याने कित्येकांनी ती जपून ठेवली आहेत. लिस्टर पद्धतीच्या इंजिनांत ब्रीदरला एक पातळ झडप असते. ती वायू बाहेर सोडते, आत येऊ देत नाही, त्यामुळे चेंबरमध्ये थोडी ओढ राहते आणि ऑइल सांध्यांतून पाझरत नाही. अशा इंजिनाला सगळीकडून ऑइल सुटू लागले की नव्वद टक्के लोक पॅकिंग बदलतात. आधी ती झडप काढून धुवावी, वाकली असेल तर बदलावी. हिला लहान, एका लिटरचा डबा पुरतो, आणि तो लावायचाच, कारण इंजिन पाण्याच्या कडेला असते. थेंब-थेंब ऑइल विहिरीत पडते आणि तेच पाणी गुरे पितात, कधी माणसेही.

ट्रॅक्टरच्या बाबतीत पाण्याऐवजी धोका आगीचा आहे. ऑइलाने भिजलेल्या इंजिनावर उसाचे पाचट चिकटते, वाळते आणि सायलेन्सरच्या धगीला लागते. मागे भरलेली ट्रॉली असते. डबा बसवल्यानंतर इंजिनाची बाजू एकदा स्वच्छ धुऊन घ्यावी, म्हणजे पुढे नवीन ऑइल कोठून सुटते तेही चटकन दिसते.

डब्यात साठलेले ऑइल इंजिनात परत ओतू नये. 'वाया कशाला घालवायचं' म्हणून ओतणारे आम्ही पाहिले आहेत. त्यात पाणी आणि आम्ल असते, बेअरिंगे खाते. बांधावर, ओढ्यात किंवा पाटात तर मुळीच टाकू नये. नीरा काय, गुंजवणी काय, खालच्या गावांना तेच पाणी जाते. बदललेल्या जुन्या ऑइलच्या कॅनमध्ये ते साठवावे आणि जुने ऑइल रीतसर घेणाऱ्यास द्यावे.

ज्यांना पाण्याच्या नळीचे माप करून पाहायचे आहे त्यांनी ट्रॅक्टर गरम करून आणावा आणि येताना ऑइल भरण्याच्या झाकणाचे माप घेऊन यावे, म्हणजे बूच आधीच तासून ठेवता येईल.